सागवानी टाच

शुक्रवारी सकाळी तो शेडच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा माझ्या डोक्यावर पन्नास किलो वजन होतं आणि पायात कुणातरी म्हाताऱ्याचे मऊ बूट.

मऊ बुटांत वजन उचलायचं म्हणजे गादीवर उभं राहून विहिरीतून पाणी शेंदायचं. तळवे आत दबले, मी डावीकडे कलंडले आणि बार पुढे सोडून मागे सरकले. पत्र्याच्या शेडमध्ये तो असा आदळला की छतावरची कबुतरं उडून गेली. दारातला माणूस मात्र जागचा हलला नाही. पंचविशीचा असेल. केसांत लाकडाचा भुसा, हातात कापडी पिशवी, आणि तोंड अर्धवट उघडं.

"खिडकी सोमवारी बसवा," मी म्हटलं. टेकचंद सरांनी सुताराला निरोप धाडल्याचं मला माहीत होतं. "आज प्रॅक्टिस चालू हाये."

"मी खिडकीसाठी नाई आलो जी." त्यानं पिशवीकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, मग पुन्हा पिशवीकडे. "ते… तुमच्या पायात हायेत ना, ते आमच्या आबाजीचे बूट होत."

मी सगळं तिथंच टाकून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "म्हंजे माहे बूट तुमच्यापाशी हायेत?"

"हायेत," तो म्हणाला. मग जरा थांबून – "म्हंजे… बरेचसे हायेत."

त्या 'बरेचसे'चा अर्थ सांगण्याआधी बुधवारचं सांगायला हवं.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी गावात ऊस येतो, शिंगाडे येतात, पाळणे येतात, आणि घरोघरी पाहुणे. कोण बोलावलेला आणि कोण आपणहून आलेला, हे विचारायचं नसतं. आला त्याला चहा-चिवडा द्यायचा. आमचं गाव चोरखमारा तलावाच्या कालव्यावर. बुधवारी आमच्याकडे चाळीसेक पाहुणे येऊन गेले असतील, आणि ओसरीच्या पायरीशी तितकेच जोड.

त्यांतच माझे वेटलिफ्टिंगचे बूट होते. मी गोंदियाजवळ फुलचूरला खोली करून राहते, टेकचंद सरांच्या शेडमध्ये सराव करते, आणि मंडईपुरती घरी आले होते. बॅग उघडताच आई नाकाला पदर लावून म्हणाली, "काय व हा वास," आणि बूट उचलून पायरीवर उन्हात ठेवून आली. संध्याकाळी बघते तर माझे बूट गायब. त्यांच्या जागी डॉक्टर शुगरच्या पेशंटला देतात तसले मऊ बूट. काळा रंग, वरून आडवा पट्टा, आठ नंबर. दुरून बघितलं तर कुणीही फसावं. हो, माझा पाय आठ नंबरचा आहे, आणि आईनं त्यावरून जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालेलं आहे.

रविवारी गोंदियात राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी होती. दोन्ही प्रकार मिळून एकशे तीस किलो हवे होते. आदल्या वर्षी माझे एकशे अठ्ठावीस झाले, त्याच्या आदल्या वर्षीही तेवढेच. दिवाळीत बाबा पाटावर बसून शांतपणे म्हणाले होते, "यंदा शेवटचं, बेटा. झालं तं चांगलंच. नाई झालं तं फुलचूरची खोली सोड आन् घरी ये." ओरडून बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

शेडमधल्या बाकी मुलींचे पाय चार-पाच नंबरचे. बायकांचे आठ नंबरचे असले बूट नागपूरहून मागवावे लागतात, आणि कोऱ्या बुटांत दोन दिवसांनी चाचणी द्यायला उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा.

असो. त्यानं पिशवीतून बूट काढले. त्यांना टाच नव्हती.

वेटलिफ्टिंगच्या बुटाचा सगळा जीव टाचेत असतो. पाऊण इंच उंच, कडक, जराही न दबणारी. तिच्यामुळे खाली बसताना पाठ ताठ राहते. ती टाच कुणीतरी करवतीनं कापून काढली होती आणि खाली टायरचा तुकडा ठोकला होता, चारही बाजूंनी खिळे मारून. काम अगदी चोख होतं.

"आबाजी म्हने, चालतानी तोंडावर पडतो," तो मान खाली घालून सांगत होता. "काल मी कामावर होतो. ते चौकातल्या मोच्याकडं गेले आन् म्हने, टाच वाढली हाये, कमी कर."

"टाच वाढली? टाच का नखं होत वाढायले?"

मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी आणखी चिडले.

"मंडईत किती घरी गेले होते तुमी?"

"पाच-सहा."

"मंग माह्याच घरचे बूट होत हे कसं समजलं?"

तो गडबडला. "ते… अंदाज. गावात फोन लावला, तं म्हने ती वजनवाली पोरगी फुलचूरलेच राह्यते." मग एकदम मान वर करून म्हणाला, "मले उद्या सांजलोक टाइम द्या. मी सागवानाची टाच बसवून देतो."

"हा पाट नाई का चौरंग नाई. ह्याच्यावर मी सत्तर किलो घेऊन उभी राह्यते."

"पलंगावर चार मानसं बसतात जी. त्याचा पाय कोन बसवते?"

कोपऱ्यात रजिस्टर लिहीत बसलेले टेकचंद सर इतका वेळ ऐकत होते. ते उठून आले, बूट हातात घेऊन उलटासुलटा केला. सर मूळचे गोंदिया शहरातले, त्यामुळे रागावतात मराठीत आणि समजूत काढतात हिंदीत. "हमारे टाइम में तो लकड़ी की ही एड़ी होती थी," ते म्हणाले. "करने दे इसको. दूसरा रस्ता है क्या अपने पास?"

रस्ता नव्हताच.

*

त्याचं नाव तिलक. आयटीआयला सुतारकाम शिकलेला. दोन गल्ल्या पलीकडे रस्त्यालगत कारखाना, मागे घर. दुपारी मी आबाजींचे बूट परत द्यायला गेले. काही झालं तरी शुगरच्या माणसाला अनवाणी ठेवायचं पाप मला नको होतं.

आबाजी, म्हणजे तिलकचे आजोबा उदेलाल, अंगणात खाटेवर ऊन खात बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, पांढऱ्या मिशा. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून मीच खाली बसून त्यांच्या पायांत बूट चढवले आणि पट्टे लावले.

"माह्या डोयाची चूक, बाई," ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "मोतीबिंदू हाये. तिलकची काई गलती नाई."

तिलकची गलती आहे असं मी म्हटलंच नव्हतं. मी वळून बघितलं. तिलक एकदम पेन्सिल शोधायला लागला होता. पेन्सिल त्याच्याच कानावर होती.

कारखान्यात सागाचा वास भरून राहिला होता. थोडा तेलकट, थोडा गोड. पायाखाली रंध्याचे कुरळे छिलके. त्यानं माझ्यासाठी एक स्टूल फडक्यानं पुसला, बूट समोर ठेवले आणि एक फळी मांडीवर घेतली.

"आता खोट सांगा," तो म्हणाला.

"कोनाची? तुमची?"

"बुटाची जी." तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालावर भुसा हलायचा. "कोनतीई वस्तू दुरुस्तीले आली का मी आधी खोट विचारतो. नाई तं नव्या कामात जुनी खोट तशीच राह्यते."

"त्याच्यात काई खोट नोती. तुमच्या आबाजीनं कापेपर्यंत."

"असं होत नाई. किती वर्सं वापरले?"

"चार."

"चार वर्सात मानसाची बी खोट समजते. सांगा."

खरं सांगते, त्या बुटांविषयी वाईट बोलायला माझी जीभ वळेना. पण एकदा सुरुवात झाली आणि मग मलाच आश्चर्य वाटलं, इतकं निघालं.

"त्याच्यात चालता येत नाई," मी म्हटलं. "पान्याच्या माठापर्यंत गेली तरी बदकावानी जाते. पळायचं तं नावच नको."

त्यानं फळीवर पेन्सिलीनं लिहिलं. चालता येत नाही.

"वाकत नाई. जड हायेत. बॅगेत बूट टाकले का डबा मावत नाई."

"आनखी?"

"करंगळी चेपते. ओल्या फरशीवर घसरतात. जमिनीवरून नुसता बार ओढायचा असला तं पुढं ढकलतात, तवा काढूनच ठेवा लागते. आन् वास –"

"तो समजला," तो म्हणाला. "घरभर समजला."

मी हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"उजव्या बुटाचा तळ आतल्या बाजूनं झिजला हाये," त्यानं बूट उजेडात धरून म्हटलं. "उजवा गुडघा आत पडते का तुमचा?"

सर चार वर्षं त्या गुडघ्यावर ओरडत होते. मी मान हलवली.

"आनखी काई?"

"आनखी…" मी थांबले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सरांनाही नाही. "सवय लागते त्याची. माही माय धानाच्या रोवनीत दिवसभर चिखलात उभी राह्यते, उठते, बसते. मले आता टाचेशिवाय धड उकिडवं बसता येत नाई. मांगं पडते. बूट नसले का मी कोनीच नाई, असं वाटते मले."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "इतक्या खोटा हायेत, तरी हेच पायजेत?"

"हेच."

"काऊन?"

"त्याइच्यावर उभी राहिली का मले भेव नाई लागत."

हे त्यानं फळीवर लिहिलं नाही. उठून प्लायच्या पातळ पट्ट्या घेऊन आला. माझ्या टाचांखाली एकेक पट्टी सरकवत गेला. मी उठबशा काढत होते, आणि तो समोर जमिनीवर बसून एक डोळा मिटून माझ्या घोट्यांकडे बघत होता.

"एक डोया कायले मिटला जी?"

"सरळ हाये का नाई पाहून राहिलो."

"मंग? मी सरळ हाये?"

"तुमी…" त्याचे कान लाल झाले. "उजवीकडं जराशा तिरप्या. बाकी सरळच हा."

पाचवी पट्टी घातल्यावर मी खाली बसले आणि पाठ आपोआप ताठ झाली. हीच ती उंची. माझ्या तोंडून 'हां' निघायच्या आधीच त्यानं पट्ट्यांवर खूण केली होती.

"माह्या बुटाच्या खोटा समजल्या तुमाले," निघताना मी म्हटलं. "आता तुमची सांगा."

"माही?" तो पुन्हा पेन्सिल शोधायला लागला. "हाये एक. सांगन. पन रविवारी. आधी तुमचं होऊ द्या."

"येवढी मोठी हाये?"

"तुमच्या एकशे तीस किलोच्या वर हाये जी."

*

शनिवारी संध्याकाळी तो बूट घेऊन शेडवर आला. सागाच्या पिवळट तपकिरी टाचा, पॉलिश केलेल्या, खाली सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलेलं, घसरू नये म्हणून. उजवी टाच आतल्या अंगाला केसभर उंच. करंगळीपाशी त्यानं लाकडी खुंटी ठोकून कातडं सैल केलं होतं. मी बूट घातले आणि प्लॅटफॉर्मवर पाय आपटला. ठक असा आवाज झाला. मला तो आवाज आवडला.

चाळीस किलो झाले. पन्नास झाले. गुडघा आत आला नाही. सर काही बोलले नाहीत, म्हणजे खूश होते. साठ किलो घेऊन मी खाली बसले, आणि डाव्या पायाखाली काहीतरी कडकन मोडलं.

बार टाकला. टाच उभी चिरली होती, मधोमध.

तिलकनं बूट हातात घेतला. त्याचा चेहरा उतरला. "लाकूड ओलं होतं," तो हळूच म्हणाला. "वखारवाला सुकं म्हने, मीबी घाईत पायलं नाई. माही चूक."

उद्या सकाळी नऊ वाजता वजनं होती. ज्या माणसावर विश्वास टाकला त्याला टोचून बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तो त्या चिरलेल्या टाचेकडे असा बघत होता की ती त्याच्या पायाचीच असावी. मी दुसऱ्या बुटाचा पट्टा सोडून तोही त्याच्यापुढे ठेवला.

"सकाळी आनतो," तो म्हणाला. "तुमी झोपा. झोपशान ना?"

"झोपन," मी म्हटलं. अर्थात झोपले नाही.

रविवारी हॉलच्या दारात तो आठ वाजताच उभा होता. डोळे तारवटलेले. हातात बूट. या टाचा काळपट होत्या, जुन्या तांब्याच्या भांड्यासारख्या, आणि पॉलिश नव्हतं.

"हे पंचावन्न वर्सं सुकलेलं साग हाये," तो म्हणाला. "हे नाई चिरत."

"पंचावन्न वर्सं? कुठून आनलं?"

"आबाजीच्या खाटेचा पाय हाये. त्याईच्या लग्नातली खाट." तो खाली बघून बोलत होता. "रात्री तेच म्हने, काप. मी नाई म्हटलं. तं सोता खाटेवरून उठून भिंतीले टेकून बसले. म्हने, आता कापतं का नाई?"

"आन् आता खाट?"

"विटा लावल्या हायेत."

मागे बघितलं तर आबाजी खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसले होते, मऊ बूट घालून, आणि त्यांच्या शेजारी पहिल्या बसनं आलेले माझे आई-बाबा. आईनं शिंगाड्यांची पिशवी सोडली होती आणि आबाजी एकेक सोलून खात होते. आईला अजून ठाऊक नव्हतं की टाच कापणारे हेच.

पंचांनी बूट तपासायला घेतला. टाचेवर बोटानं टकटक केलं. "ये क्या है?"

"लकड़ी," टेकचंद सर म्हणाले. "नियम में कहीं मना नहीं है."

पंचांनी आणखी एकदा टकटक केलं, हसले, आणि बूट परत दिला.

स्नॅचमध्ये, म्हणजे एका झटक्यात बार डोक्यावर न्यायच्या प्रकारात, सत्तावन्न झाले, तिसऱ्या प्रयत्नात. म्हणजे क्लीन अँड जर्कमध्ये, आधी खांद्यावर घेऊन मग वर न्यायच्या प्रकारात, त्र्याहत्तर हवेत. पहिला सत्तरचा सहज गेला. दुसरा त्र्याहत्तरचा खांद्यापर्यंत आला, वर गेला, आणि डावा हात कोपरात वाकला. पंचांचे लाल दिवे लागले, म्हणजे बाद. आता एकच प्रयत्न उरला होता.

त्या दोन मिनिटांत काय काय आठवलं म्हणून सांगू. फुलचूरची खोली आठवली, तिथली एकच खिडकी, बाबांचा शांत आवाज. नाव पुकारलं गेलं. मी हातांना पावडर लावली, प्लॅटफॉर्मवर चढले आणि चुकून समोर बघितलं. भिंतीला टेकून तिलक उभा होता. एक डोळा मिटून माझ्या पायांकडे बघत होता, अगदी सुताराच्या नजरेनं. मग दुसरा डोळा उघडला आणि मान हलवली. सरळ आहे.

मी बार धरला. ओढला. खाली बसले, पाठ ताठ, गुडघे बाहेर. उठले. श्वास घेतला. आणि वर ढकलताना दोन्ही पाय पुढे-मागे पडले, तेव्हा आख्ख्या हॉलमध्ये ठक असा आवाज घुमला. पंचावन्न वर्षांचं साग जागचं हललं नाही. मीही हलले नाही.

तीन पांढरे दिवे लागले.

बाबा खुर्च्यांतून वाट काढत आले. बाबांना मिठी मारायची सवय नाही. त्यांनी माझ्या हाताची पावडर आपल्या रुमालानं पुसली आणि म्हणाले, "खोली राहू दे." एवढंच. मी तिथंच रडले. आईही रडली, आणि मग वास घेऊन म्हणाली, "आज बुटाले वास नाई येऊन राहिला व." साग जिंकला होता.

*

हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर ऊन होतं. मी बूट काढून बाजूला ठेवले होते, कारण खोट क्रमांक एक, त्यांत चालता येत नाही. तिलक आला आणि माझ्या खालच्या पायरीवर बसला. पायरीवरचा एक खडा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"रविवार झाला," मी म्हटलं. "सांगा आता."

"सांगतो." त्यानं खडा मुठीत धरला. "आबाजीनं बूट नाई बदलले जी."

"मंग?"

"त्याइले वाकता नाई येत. बूट रोज मीच घालून देतो. त्या दिवशीबी मीच घातले." खडा हातातून पडला. "तुमी पान्याचा ड्रम उचलून नेऊन राहिल्या होत्या. एकटीनं. पाहुण्याइले म्हटलं, सरका बाजूले. मी… पाहूनच राहिलो. आबाजी म्हने, हे माहे बूट नोय. मी म्हटलं, तुमचेच होत. घरी येऊन पुन्हा म्हने, पोरा, टाच उंच लागते. मी न पाहताच म्हटलं, तुमाले तसं वाटते. म्हून ते मोच्याकडं गेले."

पायऱ्यांखाली कबुतरं उगाच इकडून तिकडे चालत होती. मी राग शोधत होते. चिरलेली टाच आठवून बघितली, तीन रात्रींची न झालेली झोप आठवून बघितली. राग काही सापडला नाही. फक्त कान गरम झाले होते.

"म्हंजे अख्खी मंडई सोडून तुमी ड्रम पाहून राहिले होते," मी म्हटलं.

"ड्रम नाई जी."

"ड्रम अर्धाच भरला होता, तसा."

"मी ड्रमकडं पायलंच नाई." आता तो सरळ माझ्याकडे बघत होता. "मले तुमी आवडता. त्याच दिवशी आवडल्या. तुमचे बूट कापले गेले त्याचं मले लय वाईट वाटते. आन् कापले गेले नसते तं मी तुमच्या दारात कोनत्या तोंडानं आलो असतो, हेबी वाटते. हेच, आनखी काय."

इतकं सरळ कुणी मला कधी बोललं नव्हतं. मी वजन उचलणारी पोरगी. मुलं माझ्याशी बोलतात ती बिचकत, नाहीतर टर उडवत. मला त्याचा हात धरावासा वाटला. पण मागच्याच दारात आई होती, म्हणून मी बूट हातात घेतला आणि टाचेवरून अंगठा फिरवला.

"ह्या टाचा किती दिवस टिकतीन?"

"साग हाये. लय वर्सं टिकते. पन मधून मधून पाहा लागते. महिन्यातून एकदा."

"एकदाच?"

त्याला समजायला क्षणभर लागला. मग भुसा नसलेला गालही हलला. "हप्त्यातून एकदा म्हटलं तरी चालते."

"चालते," मी म्हटलं. "खोट मी सांगत जाईन. दुरुस्त तुमी करत जा. आन् मलेबी आवडता तुमी. पाचव्या पट्टीपासून."

आतून टेकचंद सरांची हाक आली. "ओमेश्वरी, फोटो! जूते पहन के आ."

मी बुटाच्या लेसकडे हात नेला, तर तो म्हणाला, "मी घालून देऊ? मले रोजची सवय हाये."

मी पाय पुढे केले. तो गुडघ्यावर बसला. बूट उचलला, लेस सैल केली, पट्टा उघडला. आणि सगळा वेळ तो माझ्याकडेच बघत होता. हात खाली आपलं काम करत राहिले.

डावा बूट उजव्या पायात गेला. उजवा डाव्यात. दोन्ही अंगठे कुरकुरले. तशीच उठले आणि आत जाऊन फोटोला उभी राहिले.

*

तो फोटो आमच्या ओसरीत लावलेला आहे. वर्षभरानं, यंदाच्या मंडईला तिलक आणि आबाजी आले, या वेळी रीतसर, नारळ आणि पेढे घेऊन. बोलणं दहा मिनिटांतच झालं, कारण बाबांना एकच प्रश्न विचारायचा होता, लग्नानंतर हिची प्रॅक्टिस चालू राहील ना, आणि त्याचं उत्तर आबाजींनीच देऊन टाकलं, "खाटेचे तीन पाय अजून बाकी हायेत जी."

मग सगळे चहाला बसले. आबाजी चहाची बशी घेऊन फोटोसमोर उभे राहिले. उन्हाळ्यात त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. आता ते पंचांग चष्म्याशिवाय वाचतात. त्यांनी फोटो वरपासून खालपर्यंत बघितला. खाली आले, तिथे थांबले.

"काय व पोरी," ते म्हणाले, "तुह्या पायातले बूट उलटे हायेत का?"

आई वळली, बाबांनी मान उंच केली. तिलक कानावरची पेन्सिल शोधायला लागला. सणाचे कपडे घातले होते, त्यामुळे आज कानावर पेन्सिल नव्हती.

"नाई जी, आबाजी," मी म्हटलं. "तुमच्या डोयाची चूक."

आबाजींनी माझ्याकडे बघितलं. मग नातवाकडे बघितलं. मिशा जराशा हलल्या.

"होय बाई," ते म्हणाले. "मोतीबिंदू हाये."

आणि येऊन आपल्या जागेवर बसले आणि चिवडा मागितला.